माणसं नसलेलं अलेप्पो

आखाती देशात, वादी कबीर नावाच्या भागातल्या एका छापखान्यात मी रंग जुळवण्याचं काम करते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे उस्मानी सुलतानांच्या मोहिमांवरच्या सचित्र हस्तलिखितांचं एक जाडजूड पुस्तक छपाईला आलं. तंबूसमोर रचलेली मुंडकी, खंदकात पडलेले घोडे, आणि भोवती सोनेरी वेलबुट्टी. रक्ताचा लाल मूळ चित्राशी जुळेपर्यंत मी पुन्हा पुन्हा प्रूफं काढायचे. दुपारी डबा उघडावासा वाटायचा नाही.

अरबी मजकूर तपासायला साठीचे एक सीरियन गृहस्थ होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. एका पानावर सैन्याच्या वाटेवरचं शहर होतं, अलेप्पो. घरं, मिनार, टेकडीवरचा किल्ला. माणूस मात्र एकही नाही. उस्तादांनी प्रूफ हातात घेतलं ते बराच वेळ खाली ठेवलं नाही. मग किल्ल्याच्या पायथ्याशी बोट टेकवून, इथे आमचं घर होतं, असं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. नवरा-बायको आधी इकडे निघून आले, मुलगा परीक्षा देऊन मागून येणार होता. युद्धात ती गल्लीच पडली. त्याचं पुढे काही कळलं नाही.

"हे पान मला मिळेल?" त्यांनी विचारलं.

एकही कागद बाहेर जाता कामा नये, अशी गिऱ्हाइकाची अट होती. तरी मी मॅनेजरकडे शब्द टाकला. एकच पान ने, कुणाला दाखवू नकोस, म्हणाले.

शुक्रवारच्या सुट्टीत ते गुंडाळून मी उस्तादांच्या अल् खुवैरच्या फ्लॅटवर गेले. ते मशिदीत गेले होते. त्यांच्या बायकोने मला बसवलं, कॉफी दिली. पान उलगडून पाहिलं आणि पुन्हा घट्ट गुंडाळलं. माझ्या तोडक्यामोडक्या अरबीला समजेल असं ती सावकाश बोलत होती. उस्ताद रोज फोनवर पडक्या घरांचे फोटो मोठे करून बघत बसतात. मुलाला आणायला म्हणून दोनदा बॅग भरून निघाले होते.

"घेऊन जा," ती म्हणाली. "हे भिंतीवर लागलं तर तिसऱ्यांदा त्यांना अडवणं मला जमणार नाही."

रविवारी कामावर उस्तादांनी पानाचं विचारलं.

"मॅनेजर नाही म्हणाले," मी म्हटलं.

"मालेश," ते म्हणाले, असू दे, आणि पुढचं पान तपासायला घेतलं. ते जेवायला गेल्यावर मी ते चित्र कटिंग मशीनखाली घातलं. गुंडाळलेला कागद पुन्हा पुन्हा वळत होता, म्हणून दोनदा सरळ करून धरावं लागलं.

उस्ताद अजून माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतात. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं, ते पुस्तक कुठे विकत मिळेल का. सगळ्या प्रती गिऱ्हाइकाकडे गेल्या, मी सांगितलं. ते खरंच होतं, पण त्यांच्याकडे बघून सांगता आलं नाही.