ताईचं नेमकं काय लूज झालं होतं?

मंडळी, आज केडगावला माझ्या ताईचा साखरपुडा होता आणि तो माझ्यामुळे जवळजवळ रद्दच झाला होता.

सकाळी ताईने टेलरकडून आलेला ब्लाउज घातला, तर तो पोत्यासारखा ढगळ. ती रडकुंडीला आली. आई मला म्हणाली, "श्रीरामपूरच्या पाहुण्यांना फोन कर, जरा उशिरा या म्हणावं."

फोन नेमका ताईच्या होणाऱ्या सासूबाईंनी उचलला. त्यांच्यासमोर ब्लाउज हा शब्द काही तोंडातून निघेना. मी म्हणालो, "मावशी, ताईचं जरा लूज झालंय. तिला खोलीबाहेर येताच येत नाही."

"आगं बया! कवापासून?"

"सकाळपासून."

पाहुणे उशिरा येणं राहिलं बाजूला, लवकरच आले. मावशी ओआरएसची पाकिटं आणि दहीभाताचा डबा घेऊन थेट ताईच्या खोलीत शिरल्या. "पोरी, तू आधी पडून राहा. अंगठी काय, उद्या पन घालता येती."

ताई नटूनथटून, घसरणारा ब्लाउज दोन्ही हातांनी धरून उभी. "मावशी, पण मला झालंय काय?"

उलगडा झाल्यावर मावशी हसत हसत पलंगावरच बसल्या. मग सुई-दोरा मागवून स्वतः टाके घातले. सासरच्या धास्तीने गप्प झालेली ताई कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

नट लूज, वायर लूज, कपडा लूज आणि पोटही लूज! एकट्या शब्दाने करायचं तरी किती?

आणि मुलांनो, खरं सांगा, पाहुण्यांसमोर "ब्लाउज" म्हणायला तुम्हालाही लाज वाटते का?