पेवातली हळद आणि काकूचं घर

"आवं, पुढल्या महिन्यात पगार बंद, आन् घर अजून ब्यांकेकडं गहाण हाय!" काकू ओरडली, तशी निम्मी सांगली दचकली. काकांना मात्र रिटायर होताना मिळालेल्या फंडाच्या पैशांनी हळद घेऊन, भाव चढेपर्यंत ती हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवात ठेवायची होती. काकूची खात्री पटावी म्हणून त्यांनी आम्हाला पेवावरच नेलं. झाकण निघालं आणि त्या वासानं कृष्णेपल्याडच्या म्हशीसुद्धा शिंकल्या. आत हवा आहे का बघायला हमालानं कंदील सोडला, तर तो विझला. "जितं कंदील जगत न्हाई, तितं माजं घर पुरताय व्हय?" काकूनं विचारलं. काकांनी फंडाच्या पैशांतून घराचं गहाण सोडवलं. वर्षभरात हळद सोन्याला लाजवू लागली. आजही हळदीचा वास आला की तो भाव ऐकतानाचा काकांचा चेहरा मला दिसतो. "बघ, भाव कुठं गेला!" ते कळवळले. काकू म्हणाली, "मग भाजीत जरा कमी टाकते."