उठले म्हणेपर्यंत

“मी आता पेशंट हाय. मला काय येत न्हाय,” असं म्हणून सिस्टरबाई कॉटवर धाडकन आडव्या झाल्या आणि मी हातातल्या चहासकट खुर्चीतून उठलो. आमची ही पहिलीच भेट! बाईंना घरपोच रुग्णसेवेची संस्था काढायची होती, आणि सोलापुरात लोकांना परवाने काढून देणं हा माझा धंदा. जागा बघायला म्हणून गेलो होतो. खानावळी, बेकऱ्या, व्यायामशाळा, कुणाकुणाचे परवाने काढून दिले असतील. पण बोलता बोलता तोंड वाकडं करून हात लुळा टाकणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

“घाबरू नका भाऊ,” शबाना म्हणाली. “बाई शिकवायलेत.” ही शबाना बाईंनी रुग्णसेवेसाठी तयार केलेल्या मुलींमधली सगळ्यात जुनी, त्याच गल्लीतली.

मुली कॉटभोवती जमल्या. कुणी बाईंना कुशीवर वळवलं, कुणी पाठीला उशी दिली, कुणी तोंड पुसलं. बाई मधेच कण्हत होत्या, मधेच चमच्यातलं पाणी थुंकून देत होत्या. बऱ्याच वेळानं त्या एकदम ताठ बसल्या, “उठले गं!” म्हणाल्या आणि मला विचारलं, “हां भाऊ, कुटं होतो आपण?”

कुठे होतो ते मला आठवेल तर शपथ.

बाई मूळच्या करमाळ्याकडच्या. सगळी नोकरी दवाखान्याच्या वॉर्डात गेली. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा त्या ड्यूटीवर आणि घरी कुणीतरी ठेवलेला माणूस. त्या माणसानं नवऱ्याची कूस कधी बदललीच नाही. “वॉर्डातल्या शंभर पाठी राखल्या भाऊ, आन् घरातल्या एका पाठीला भोकं पडली,” हे त्या एकदाच बोलल्या. परत नाही.

परवाना त्यांना हवा होता तो मुलींसाठी. मुली कामाला जात, पण लोक त्यांना मोलकरीणच समजत. पेशंटचं करून झालं की भांडी पुढे सरकवत. एका बंगल्यात तर शबानाला मागच्या दारानं ये म्हणून सांगितलेलं. “बोर्ड लागू द्या, सरकारचा शिक्का बसू द्या. मग बघते कोण माझ्या पोरीस्नी मागच्या दारानं बोलावतंय,” असं म्हणताना बाईंचे डोळे असे व्हायचे की मी निमूटपणे फाइल उचलून कामाला लागायचो.

शिकवण्याची तऱ्हा मात्र एकच. पेशंट व्हायचं. आधी बाई, मग प्रत्येक मुलगी, आणि एक दिवस, काय सांगू तुम्हाला, मीसुद्धा! माझा हा देह बघून तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्या किडकिडीत पोरींनी चादरीला धरून मला असा वळवला की मी “अरे अरे” म्हणेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. वरून बाईंचा दम, “बोलायचं न्हाय! पेशंट हाय तुमी!” पेज भरवली. माशी नाकावर बसली, हाकलता येईना. पोरी खिदळत होत्या, आणि मला चक्क रडू यायला लागलं. उठल्यावर बाई हळूच म्हणाल्या, “कळलं न्हवं?” कळलं होतं.

नियम एवढाच, की पेशंट स्वतः “उठले” म्हणेपर्यंत काम थांबवायचं नाही. बाई सोंगं तरी काय काय काढायच्या! ठसका काय, झटके काय. एकदा दातखीळ बसवली तेव्हा एक पोरगी रडत रस्त्यावर धावली आणि रिक्षा घेऊन आली. बाई उठून हसल्या, रिक्षावाल्याला चहा पाजला आणि मग त्या पोरीला असं झापलं, असं झापलं! “मी उठले म्हणले होते का? मग हात का सोडलास? पेशंट घाबरवणारच. आपण न्हाय घाबरायचं.” त्या दिवसापासून कुणीच घाबरेनासं झालं.

तपासणीच्या दिवशी बाई कांजी केलेलं पांढरं पातळ नेसल्या होत्या. सकाळपासून डोकं धरलं होतं, पण पोरींना वाटलं तपासणीचा ताण, मलाही तेच वाटलं. परवान्याच्या तपासणीला सरकारी ऑफिसातल्या मॅडम आल्या. जागा बघितली, कपाटं बघितली, मुलींची सर्टिफिकेटं बघितली. मग म्हणाल्या, “प्रत्यक्ष काम कसं करतात ते दाखवा की.”

“मी आता पेशंट...” बाई म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. पुढचं बोलल्याच नाहीत.

तोंड वाकडं झालं. एक हात कॉटवरून खाली लोंबला. मी मनात म्हटलं, बाई आज भलत्याच रंगात आल्या! मुलींनी तर कमाल केली. कुशीवर घेतलं, लाळ पुसली, हात उचलून उशीवर ठेवला. चमचाभर पाणी ओठाला लावलं, ते बाहेर आलं. “गिळत न्हाईत. पाणी बंद,” शबाना म्हणाली. मॅडम अगदी थक्क झाल्या. “काय सुंदर! खरंच वाटतंय हो.” मी छाती फुगवून म्हणालो, “आमच्या बाईंची खासियत आहे ती.”

“माझ्याकडून काही हरकत नाही,” मॅडम म्हणाल्या. “उठा आता, सिस्टर.”

आम्ही सगळे हसतमुखानं कॉटकडे बघत उभे. बाई उठेनात. शबानाचं हसू आधी गेलं.

“भाऊ,” ती म्हणाली, “बाई नेहमी डावा हात लुळा करतेत. आज उजवा हाय.”

या वेळी रिक्षा आणायला मी रस्त्यावर धावलो. आजही तो उशीवर नीट ठेवलेला हात आठवला की घास उतरत नाही.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, कुशीवर घेतलं आणि पाणी दिलं नाही हे बरं केलंत. ऐकून शबाना हमसून हमसून रडली. बाई वाचल्या, पण वाचा गेली, उजवी बाजू गेली. परवाना आला, बोर्ड लागला. मुली आता घरोघरी पुढच्या दारानं जात आणि पाळ्या लावून बाईंचं करत. पाठीवर साधा लाल डागसुद्धा पडू दिला नाही. रोज सकाळी शबाना वाकून विचारायची, “बाई, खरं का खोटं?” बाई डाव्या हाताचं बोट हलवायच्या, खोटं! आणि अर्ध्या तोंडानं हसायच्या. ऑफिसला जाता जाता तेवढं बघायला मी रोज डोकवायचो.

एका सकाळी शबानानं विचारलं, बोट हललं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मी बाईंच्या नाकाशी हात धरून पाहिला, श्वास लागेना. शबानानं मात्र बाईंचं तोंड पुसलं, चादरीची सुरकुती काढली आणि कूस बदलायची वेळ झाली होती म्हणून त्यांना हलकेच वळवायला लागली.

“शबाना, अगं बास,” मी म्हणालो. “सोड आता.”

तिनं हात काढला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, “उठले म्हणल्या न्हाईत की अजून, भाऊ.”