डोळ्यांपुढची रेघ

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं त्या वर्षांत आम्ही सांगलीहून येऊन सरावलीत राहत होतो. हे तिथे ड्राफ्ट्समन. मी गणितात एम.एस्सी. करून भाकऱ्या थापत होते, आणि त्याचा मला रागही होता.

एका रविवारी जेवता जेवता ह्यांच्या डोळ्यांपुढे चमचमती नागमोडी रेघ आली. ती हळूहळू कडेला सरकली, तिच्यामागचं काही दिसेना. मग रेघ गेली आणि डोकं ठणकू लागलं. असं वरचेवर व्हायला लागलं. डोळे गेले तर नोकरी गेली, या धास्तीने ह्यांची झोप उडाली. पालघरच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. एडवणहून सुकी मासळी घेऊन येणारी मावशी म्हणाली, "काय नाय गो, नजर लागली हाय. मीठ-मिरची उतरव." तीही उतरवली.

पुढच्या खेपेला रेघ आली तेव्हा मी ह्यांना एकेक डोळा झाकायला लावला. कुठलाही झाका, रेघ तिथेच! म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हताच. मला हायसं वाटलं. हे म्हणाले, "म्हणजे डोक्यातच बिघाड!"

मग आमचा उद्योग सुरू झाला. रेघ आली की हे कागदावरच्या टिंबावर नजर रोखायचे. मी घड्याळ धरून ठरावीक वेळाने म्हणायची, "काढा आता." रेघ जिथे दिसेल तिथे हे पेन्सिलीने उमटवायचे, दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट धरून. खोटं कशाला बोलू, त्या रेघेची मी वाट बघू लागले होते.

कागदावर टिंबाजवळच्या रेघा एकमेकींना खेटून, कडेच्या एकमेकींपासून दूर दूर. कडेला जाताना ती धावत का सुटते, मला कळेना. उत्तर डॉक्टर भावाच्या पुस्तकात सापडलं. नजरेच्या मधल्या भागाला मेंदूत जागा भरपूर, कडेच्या भागाला जेमतेम. त्या मापाने अंतरं पुन्हा मांडली, तर सगळी जवळपास सारखी! मेंदूवरून एक लाट संथ चालीने जात होती, एडवणच्या सपाट वाळूवर भरती चढते तशी. त्या लाटेचं मी समीकरण मांडलं. त्यात एक गोष्ट मात्र घालावी लागली: लाट गेलेली जागा काही वेळ दमलेली असते, म्हणून ती मागे फिरत नाही. कडेला पोचली की संपते.

"संपतेच?" ह्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. त्या रात्री हे मस्त घोरले.

काही महिन्यांनी हे कामावरून हसतच आले. ऑफिसात रेघ आली होती आणि ह्यांनी ती एकट्यानेच काढली होती, अंतरं अगदी चोख. मला आनंद व्हायला हवा होता. पण मनगट एकदम रिकामं वाटलं आणि मी फणकारले, "वेळ कुणी सांगितली? त्या टायपिस्ट बाईने?"

"तूच की! कानात बसलंय तुझं ते 'काढा आता'."

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझा तो आवाज फक्त ह्यांच्याच कानात होता. तोही ह्यांच्याबरोबर गेला.