अकरा बैलांची बेबाकी

“म्या बैल घेतले? म्या? अबे, म्या कर्जानं शेळीची शेपूट बी घेतली नाई कवा! अन् तू अकरा बैल म्हणून राह्यला?”

गंगाराम सोसायटीच्या कचेरीत ओरडत होता आणि ते पार बासरच्या देवळात ऐकू गेलं, पुजाऱ्याच्या हातची आरती विझली. मी शेजारीच उभा होतो, माझा एक कान अजून नीट चालत नाही. गेल्या महिन्यात बेल्लमपल्लीला लेकीकडे असताना तो गेल्याचा निरोप आला, तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी कानात ही आरोळी आली...

मुधोळजवळच्या आमच्या गावात माझ्या किराणा दुकानासमोर त्याची पिठाची गिरणी. इंजिन डिझेलचं, आणि ते सुरू झालं की माझ्या बरण्यांतले चणे आपोआप भाजून निघत. पंधराएक वर्षांपूर्वी बसस्टँडवर दुसरी गिरणी येणार, तीही विजेच्या मोटरीची, अशी आवई उठली. गंगारामला मोटर हवी होती आणि ती आधी हवी होती. उशीर झाला तर गिऱ्हाईक गेलंच. म्हणून तो बँकेत गेला. मॅनेजर म्हणाले, “पहले बेबाकी लाओ.” म्हणजे आसपासच्या तीन बँका आणि गावची सोसायटी, सगळ्यांकडून लिहून आणायचं की या माणसाकडे काही बाकी नाही. गंगाराम खूश! म्हणाला, “मायाकडं कोणाचं काय हाय? चार दिवसांत आणतो.” तीन चिठ्ठ्या खरंच आणल्या. चौथीसाठी सोसायटीत गेला, तर सेक्रेटरीनं पाटाएवढं रजिस्टर उघडलं आणि वाचून दाखवलं. अकरा बैलांची कर्जं, अकराही थकलेली, आणि अकरांना जामीन एकच.

हे कसं झालं? गिरणीत झालं. लोक दळण घेऊन यायचे, रांगेत बसायचे, आणि टोपलीखालून हळूच कागद काढायचे. “गंगारामदादा, अंगठा दे ना एक.” लिहिता येत असूनही याचे हात पिठात, म्हणून हा अंगठाच द्यायचा. सगळ्या तालुक्याच्या कर्जरोख्यांना त्याच्या ज्वारीचा वास यायचा. जामीन म्हणजे लग्नात अक्षता टाकल्यासारखं, असं त्याला वाटायचं. टाकल्या की आपण मोकळे. “वाचलं काऊन नाई रे?” मी विचारलं, तर म्हणे, “दळण घेऊन बसलेल्या माणसाले नाई कसं म्हनू?”

मग तो अकरा घरं फिरला. मीही बरोबर होतो आणि अजून आठवलं की तोंड कडू होतं. कुणी चहा पाजला, कुणी पान दिलं, पैसा कुणीच नाही. त्या अकरांतल्याच नागोरावच्या ओसरीवर बैल विकून आणलेला रेडिओ वाजत होता. गंगारामनं कर्जाचा विषय काढला, तसा त्या गृहस्थानं रेडिओचा आवाज वाढवला. थू! मी आजवर पुष्कळ निर्लज्ज पाहिले, पण निदान ते मान तरी फिरवायचे.

मोटरीसाठी राखलेली गिरणीशेजारची जागा विकून गंगारामनं अकराही कर्जं फेडली. लक्ष्मीवहिनी महिनाभर त्याच्याशी बोलली नाही, ताट मात्र रोज जरा जोरात आपटायची. अखेर सोसायटीची बेबाकी मिळाली, जांभळ्या शिक्क्याची. ती घेऊन आम्ही बँकेत गेलो. मॅनेजरनं बाकीच्या तीन चिठ्ठ्या उलटसुलट केल्या. “ये तो महीनाभर ही चलती हैं. फिर से लाओ. और आपने कभी कर्ज लिया ही नहीं? तो भरोसा किस पे करें?”

अकरा कर्जं फेडलेला माणूस समोर उभा होता हो! पण फेडीच्या पावत्या पडल्या होत्या त्या-त्या कर्ज घेणाऱ्याच्या नावावर. पुढच्याच वर्षी नागोरावला दुसरं कर्ज मिळालं, त्याचं खातं चोख म्हणून. गावाची पत याच्या जागेवर उभी राहिली आणि हा बिनपतीचा. शिसारी येते लिहितानाही.

मोटर काही आली नाही. बसस्टँडची गिरणी मात्र आली आणि अर्धं गिऱ्हाईक घेऊन गेली. पुन्हा बँकेची पायरी चढायची नाही असं ठरवून गंगारामनं ती बेबाकी काचेत बसवली आणि गिरणीत मारुतीच्या तसबिरीशेजारी टांगली. रोज सकाळी दोघांना उदबत्ती. काचेवर पीठ बसायचं, तो खांद्यावरच्या पंच्यानं पुसायचा...

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी गिरणीत गेलो. गंगारामचा मुलगा शंकर इंजिनापाशी उभा, कोपरापर्यंत पिठात. पुढ्यात नागोराव, कालचे लाडू अजून मिशीत, मांडीशी ज्वारीची टोपली, हातात कागद. पोराच्या मोटरसायकलचं कर्ज. मी दारातून ओरडेपर्यंत शंकरचा अंगठा उमटलाही होता.

“अरे गाढवा! बापाची जागा गेली ना रे याच्यापायी!” मी इतका ओरडलो की इंजिन बंद पडलं.

शंकरनं खांद्यावरचा पंचा काढला, काच पुसली आणि म्हणाला, “काका, बोंबलून काऊन राह्यले? बेबाकी हाय ना आपल्यापाशी.”