पोपटी टोपी

जहाजावरच्या फोटोवाल्याला सगळे मास्तर म्हणत, कारण दर सफरीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तो प्रवाशांचा वर्ग घेई. विषय एकच, सफरीत फोनवर चांगले फोटो कसे काढावेत. जागा थिएटरची. मऊ खुर्च्या, गार हवा, आणि समोर न्याहारीनं सुस्तावलेली शे-दीडशे माणसं. मास्तरला त्या वर्गाचा वीट आला होता. तसा त्याला जहाजावरच्या बहुतेक गोष्टींचा वीट आला होता, पण वर्गाचा जरा जास्तच, कारण तिथे सतत हसतमुख राहावं लागे.

"आधी लेन्स पुसा," तो सांगायचा. "फोटोत जे धुकं दिसतं ना, ते समुद्रावरचं नसतं. ते तुमच्या बोटांचं तेल असतं." लोक हसत आणि शर्टाच्या बाहीला फोन घासत. मग पुढचं. फोन विमानात ठेवतात तसा फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर तुमच्या आधी तुमचं बिल घरी पोचेल. फोटो आपोआप वर कुठेतरी साठतायत या भरवशावर फोनमधले पुसू नका, भर समुद्रात नेट नसतं. गार खोलीतून कॅमेरा एकदम डेकवर आणलात तर काचेवर दव धरतं, थोडा वेळ पिशवीतच बाहेर राहू द्या. कठड्यापलीकडे हात काढायचा तर फोनची दोरी मनगटात घाला. क्षितिज सरळ धरा, नाहीतर समुद्र एका बाजूनं सांडतोय असं वाटतं.

सगळं खरं होतं आणि त्यातलं कुणी काही करत नसे. वर्ग सुटला की हीच मंडळी जेवणाच्या हॉलमध्ये तेलकट बोटांनी ताटांचे फोटो काढत. भरलेल्या ताटाचा फोटो, त्यातला एक घास, ताट तसंच टाकून दुसरं ताट, त्याचा फोटो. उष्ट्याचे डोंगर ढकलगाडीवरून आत जाताना मास्तर रोज बघायचा. रात्रंदिवस खाणारी माणसं आणि त्यांच्या खाण्याचे फोटो यांच्यात सगळं आयुष्य चाललंय, असं त्याला वाटे.

पण वर्गाला गर्दी होई ती या सल्ल्यांसाठी नव्हे. ती होई शेवटच्या करामतीसाठी. मास्तर मोठ्या पडद्यावर एक फोटो लावी. समोर कुणीतरी झकास पोज दिलेलं, आणि मागे नको असलेला एखादा माणूस. मास्तर लॅपटॉपवर त्या माणसावरून बोट फिरवी. माणूस नाहीसा. मागचा कठडा, मागचं पाणी जसंच्या तसं, जणू तिथे कधी कुणी नव्हतंच. थिएटर टाळ्यांनी दणाणून जाई. मॅनेजरबाई मागच्या दारात उभी राहून त्या टाळ्या ऐके आणि समाधानानं निघून जाई.

आपल्या गावात मास्तरचा स्टुडिओ होता. दोन खोल्या, एक निळा पडदा, एक पांढरा, आणि ज्यांना टाय नाही त्यांच्यासाठी खिळ्याला अडकवलेला एक तयार टाय. ओळखपत्राचे फोटो, लग्नं, बारशी. मग सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आला. लोक दुकानात यायचे ते फोटो काढायला नाही, फोन चार्ज करायला. मास्तरनं कुलूप लावलं आणि जहाजाची नोकरी धरली. बायको म्हणाली, "समुद्र तरी बघायला मिळेल." समुद्र त्याला लोकांच्या पाठीमागेच दिसला.

घरी कपाटभर अल्बम होते आणि त्यातल्या एकातही मास्तर नव्हता. फोटो काढणाराच फोटोत कसा असणार? एकदा त्याच्या आईनं सगळे अल्बम चाळून झाल्यावर विचारलं होतं, "अरे, तू कुठे होतास?" तेव्हा तो हसला होता.

जहाजावरचं काम सरळ होतं. प्रवासी चढताना शिडीच्या तोंडाशी त्यांना अडवायचं. तिथे डॉल्फिनचा पोशाख घातलेला एक सहकारी उभा असे. त्याला बारा महिने सगळे डॉल्फिनच म्हणत, आणि आतला घामाचा वास त्याला स्वतःलाही सहन होत नसे. डॉल्फिन प्रवाशाच्या गळ्यात पडे, मास्तर फोटो घेई. संध्याकाळपर्यंत सगळे फोटो छापून फोटो विकायच्या दालनाच्या भिंतीवर, केबिनच्या क्रमानं. ज्याला हवा त्यानं विकत घ्यावा. न विकलेले शेवटी यंत्रात जात. कागदाच्या शेवया करणाऱ्या त्या यंत्राला सगळे चरक म्हणत. दर सफरीला हजारो हसरे चेहरे त्या चरकातून निघत, पण फुकट एकही द्यायचा नाही. एक दिला तर उद्या कोण विकत घेईल, हा मॅनेजरबाईचा सिद्धांत. आणखी एक नियम होता. कुणी आजारी पडून किंवा कंटाळून मध्येच उतरलं, केबिन बंद झाली, की त्यांचे फोटो त्याच दिवशी भिंतीवरून काढायचे, चरकात घालायचे आणि कॉम्प्युटरमधूनही पुसायचे. गिऱ्हाईक गेलं, जागा मोकळी.

या सफरीत वर्गासाठी मास्तरनं नवा फोटो निवडला. वरच्या डेकवर हातात ग्लास घेतलेली एक बाई, दात दाखवून हसणारी, आणि तिच्या मागे कठड्यापाशी एक म्हातारा. म्हाताऱ्याच्या डोक्यावर जहाजाच्या दुकानातली भडक पोपटी टोपी. ती टोपी होती म्हणूनच फोटो निवडला. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळलं पाहिजे, काय होतं आणि काय गेलं.

"हे गृहस्थ बघा," मास्तर पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला. "यांना कुणी बोलावलं होतं?" लोक खदखदले. त्यानं टोपीवरून बोट फिरवलं, मग खांद्यावरून, मग पायांवरून. म्हातारा गेला. एवढ्या टाळ्या बऱ्याच सफरींत पडल्या नव्हत्या. मास्तरनं वाकून नमस्कार केला आणि त्या वाकण्याचीही त्याला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरवर एक केबिन बंद झालेली दिसली. कारण कधी लिहिलेलं नसे आणि मास्तर कधी विचारत नसे. त्यानं भिंतीवरून त्या केबिनचा एकुलता एक फोटो काढला. एक म्हातारं जोडपं, मध्ये डॉल्फिन. नीट बघितलंही नाही. चरकात घातला, कॉम्प्युटरवरचं बटण दाबलं आणि चहा प्यायला गेला.

त्या दुपारी दालनात एक बाई आल्या. सत्तरीच्या, साधी साडी, पायात घरातल्या चपला. त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या, एकेक फोटो बघत पुढे सरकल्या, पुन्हा मागे आल्या. मग काउंटरपाशी येऊन म्हणाल्या, "आमचा एक फोटो इथे होता. त्या माशाबरोबरचा. मी त्या दिवशी घेतला नाही, महाग वाटला. आता द्या."

"केबिन कुठली, मॅडम?"

त्यांनी नंबर सांगितला. सकाळी बंद झालेली तीच केबिन.

"ती केबिन तर बंद झाली. तुम्ही उतरलात ना?"

"उद्या उतरते. मला आज वर दुसरी खोली दिलीय. हे पहाटे जिन्यात कोसळले. खाली ठेवलंय त्यांना. उद्या बंदर आलं की मुलगा येईल न्यायला."

डॉल्फिन शेजारी पोशाखाचं डोकं काखेत धरून उभा होता. तो हळूच आत निघून गेला. मास्तरला खोटं सुचलं नाही.

"तो फोटो आता नाही, मॅडम. केबिन बंद झाली की फोटो फाडतात. सकाळी मीच फाडला. कॉम्प्युटरमधूनही गेला."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी काउंटरची कड धरली आणि स्टुलावर बसल्या.

"त्यांच्या फोनमध्ये असतील ना?" मास्तरनं विचारलं.

"आहेत की. सगळे माझे. मी जेवताना, मी जिन्यात, मी झोपलेली. त्यांना स्वतःचा फोटो काढून घ्यायला आवडायचं नाही. घरी आहेत ते ओळखपत्रावरचे, गुन्हेगारासारखे. त्या माशानं त्यांच्या पायावर पाय दिला आणि हे इतके हसले. तसे हसलेले एका तरी फोटोत असावेत, एवढंच. उद्या मुलगा विचारेल, बाबा मजेत होते का? काय दाखवू मी त्याला?" त्यांनी डोळे वर केले. "आणखी कुठे आले असतील का हो ते? बघा ना. डोक्यावर पोपटी टोपी असायची. मी नको म्हणत होते, तरी घेतली."

मास्तरला वर्गातला पडदा आठवला. यांना कुणी बोलावलं होतं, असं आपण दीडशे माणसांसमोर विचारलं. आपल्या तोंडाची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती.

"बसा," तो म्हणाला. "मी आलोच."

वर्गात दाखवलेला फोटो आतल्या खोलीत त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर होता, आणि करामत दाखवायची तर पुसण्याआधीचा फोटोही ठेवावाच लागतो. तो होता. त्यानं मागचा भाग मोठा केला. दाणेदार झाला, पण म्हातारा दिसला. दोन्ही हातांत फोन धरलेला, कोपरं फाकलेली, टोपी मागे सरकलेली, आणि तोंडभर हसू. समोरच्या बाईच्या दिखाऊ हसण्यापेक्षा दसपट खरं. हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही? फोटोवाला म्हणून अर्धं आयुष्य घालवलं आणि दिसली ती फक्त टोपी.

मॅनेजरबाई त्याच्या मागे येऊन उभी होती. डॉल्फिननं तिला सांगितलं असावं.

"हा दुसऱ्या केबिनचा फोटो आहे," ती म्हणाली. "समोरची बाई वेगळी. तिचा फोटो या बाईंना देता येणार नाही. आणि या बाईंचं खातं बंद आहे, म्हणजे विकताही येणार नाही. फुकट तर नाहीच."

"नवरा गेलाय त्यांचा."

"मला माहीत आहे. मलाही वाईट वाटतं. त्यांना आपला सफरीचा अल्बम दाखव. त्यात सूर्यास्ताचे फार छान फोटो आहेत."

मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं तो या बाईपुढे मूग गिळून बसला होता. डॉल्फिन, चरक, उष्टी ताटं, सगळं त्यानं गिळलं होतं. सूर्यास्त मात्र त्याच्या घशाखाली उतरेना.

"समोरची बाई नको ना तुम्हाला? ठीक आहे," तो म्हणाला.

त्यानं ग्लासवाली बाई कापून टाकली. दात, ग्लास, पोज, सगळं. उरला कठडा, पाणी आणि पोपटी टोपी. त्यानं छापायचं बटण दाबलं. मॅनेजरबाई म्हणाली, "हे मी वर कळवणार." तो म्हणाला, "कळवा." छपाईचं यंत्र घरघरत राहिलं आणि दोघं एकमेकांकडे न बघता उभी राहिली.

फोटो त्यानं लिफाफ्यात घातला नाही. तसाच दोन्ही हातांनी बाईंसमोर धरला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो जवळ नेला, लांब नेला. मग पर्समधून नवऱ्याचा फोन काढला, बराच वेळ बोट सरकवत राहिल्या आणि एक फोटो मास्तरला दाखवला. डेकवरच्या खुर्चीत त्या स्वतः बसलेल्या होत्या, वाऱ्यानं पदर तोंडावर आलेला, तो सावरता सावरता हसणाऱ्या. क्षितिज चांगलंच वाकडं होतं.

"हा काढत होते तेव्हा," त्या म्हणाल्या. "म्हणून हसतायत. माझी फजिती झाली की त्यांना असंच हसू यायचं."

बाईंनी फोटो पुन्हा बघितला. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा तुमच्या वर्गातला ना?"

मास्तरनं मान हलवली.

"होतो आम्ही तिथे. तिसऱ्या रांगेत. तुम्ही पुसलात म्हणजे तो फोटो गेलाच, असं मला वाटलं होतं." त्या बोलत होत्या त्या फोटोकडे बघून, त्याच्याकडे नाही. "तुम्ही पुसायला लागलात तेव्हा मी यांना कोपरानं ढोसलं, म्हटलं, अहो, हे तुम्ही. तर यांनीच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मास्तर. तुम्ही एकटे नव्हतात."

त्यांनी फोटो पदरात धरला आणि जिन्याकडे न जाता लिफ्टकडे गेल्या. मास्तर काउंटरशी उभा राहिला. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्या समजूतदारपणाचं काय करायचं ते त्याला कळेना.

वर तक्रार गेली, लेखी समज आली, आणि पुढच्या सफरीच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा वर्ग भरला. मॅनेजरबाई मागच्या दारात उभी होती. मास्तरनं लेन्स सांगितली, दव सांगितलं, मनगटातली दोरी सांगितली. मग तो थांबला. पहिल्या रांगेतल्या एका प्रवाशानं हात वर केला. "मागे नको असलेली माणसं येतात, ती कशी काढायची? ते दाखवता म्हणे तुम्ही."

मास्तरनं मागच्या दाराकडे बघितलं, मग समोरच्या दीडशे तोंडांकडे.

"ते मला येत नाही," तो म्हणाला.

थिएटरात कुजबुज झाली. कुणीतरी हसलं, दोन-चार माणसं उठून गेली. मास्तरनं खिशातून रुमाल काढला आणि पहिल्या रांगेतल्या प्रवाशाचा फोन मागून घेतला. लेन्सवर बोटांचा जाड थर होता. तो शांतपणे पुसत बसला.