दीपाताईंनी झोपू न दिलेली डिस्क

केडगावात पुणे रस्त्याला लागून सुहासरावांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या मागच्या टेबलावर एकोणीस वर्षं दीपाताई बसतात. बी.एस्सी. झालेल्या. हार्ड डिस्क फिरायला लागली की चष्मा कपाळावर सरकवून त्या डोळे मिटतात. बिघाड त्यांना आधी ऐकू येतो, मग स्क्रीनवर दिसतो.

त्या मंगळवारी टेबलावर होती ती डिस्क मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. त्यांचा मुलगा सम्राट अकोले तालुक्याच्या डोंगरात एका वाडीवर मास्तर आहे. तिथे त्याने अभ्यासिका काढलीय. कॉम्प्युटर चालतो सोलरच्या बॅटरीवर, आणि रेंज नाही म्हणून त्याने स्वतःच्या आवाजात भरलेले धडे डिस्कवर. जुनी डिस्क इतकी वीज खायची की दिवेलागणीलाच सगळं बंद पडायचं, आणि गुरं बांधून मुलं येतात ती त्यानंतर.

"आई, कमी विजेची डिस्क मागवलीय," तो म्हणाला होता. "कुणी वापरत नसेल तेव्हा एका वॉटच्या खाली यायला हवी. नाही आली तर परत कर. मग यंदा संध्याकाळची मुलं राहिलीच."

पाच वाजता ओळखीचे एक सर अकोल्याला निघणार होते. तोवर निकाल लागायला हवा होता.

वेगाचं काही म्हणणं नव्हतं. शंभर जीबीचे धडे तेरा मिनिटांत उतरले. आवाज तर असा, की लांबच्या घरात कुणी जातं फिरवतंय. पण वीज मोजायच्या मीटरचा आकडा साडेतीन वॉटवरून हलेना. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजत आले. आकडा तोच.

"परत पाठवावी लागणार," दीपाताई म्हणाल्या.

सुहासरावांनी मान वर केली. "ताई, सकाळपासून बघतोय. दर पाच मिनिटांनी उघडून काय बघता त्यात?"

"काही नाही हो. एखादा धडा. चालतेय ना, एवढंच."

"वीस मिनिटं हात लावला नाही तर फिरायची थांबून झोपते ती. तुम्ही डुलकी तरी काढू दिलीत का? बाळाला हलवून हलवून 'झोपलास का रे' विचारताय!"

दीपाताई ओशाळल्या. इतर कुणाच्या डिस्कला त्यांनी असं केलं नसतं. सम्राटला लहानपणी दम्याचा त्रास होता. त्या त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायच्या, आणि पोर जागं होऊन रडायचं. आता तो म्हणतो, "आई, रोज नको ना फोन ठरवूस. रेंजसाठी टेकडी चढावी लागते."

त्या उठल्या आणि टेबलाकडे पाठ करून दुकानाच्या पायरीवर बसल्या. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते. ऊन मऊ झालं होतं. पाठीमागे जातं फिरत होतं, आणि त्या आवाजात कधीतरी रस्ता विरघळला, त्याजागी धुकं आलं, भाताची खाचरं आली, खाचरांच्या बांधावरून दप्तरं हलत येताना दिसली. कुणाचाच चेहरा स्पष्ट नव्हता. एक जण वळून म्हणालं, "या की." दीपाताई उठणार तोच जातं थांबलं.

त्या दचकून जाग्या झाल्या. वळून पाहिलं तर मीटरवर शून्य पूर्णांक सहा.

त्यांनी एक धडा उघडला. स्क्रीन ढिम्म. एक, दोन, तीन... सातपर्यंत त्यांनी श्वास धरला. आठ. नऊला सम्राटचा आवाज आला, "हं, बसले का सगळे?"

"बसलो रे बाबा," सुहासराव म्हणाले.

खोक्यावर दीपाताईंनी चिठ्ठी चिकटवली: 'हाक मारल्यावर उठायला नऊ सेकंद लागतात. बंद पडली असं समजून घाबरू नये.' पाचला खोकं सरांच्या हाती गेलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांचा हात दोनदा फोनकडे गेला. साडेसात झाले. पावणेआठ. फोन आला नाही. आज टेकडीवर कुणी चढलेलं नाही, म्हणजे खाली अभ्यासिकेत दिवा असणार, असं म्हणत त्यांनी फोन उशीखाली सरकवला आणि कणीक मळायला घेतली.